ग्रेगोरियन चान्ट ऐकायला सुरुवात कुठून करावी? मागे तानपुरा लावला तर भारतीय कानाला सोपं जाईल का?

ग्रेगोरियन चान्ट म्हणजे कॅथलिक चर्चमधलं जुनं लॅटिन प्रार्थनागायन, एकाच चालीचं आणि बिनसाथीचं. तानपुऱ्याचं आधी सांगते: लावू नका. रागसंगीत ऐकणाऱ्याला नुसता आवाज पोरका वाटतो, म्हणून तुम्ही विचारलंत हे कळतं. पण याच प्रश्नावर पुण्यात एका श्रवणमंडळाच्या बैठकीत माझा वाद झाला होता, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

मी वसईची. 'साल्वे रेजिना' ही येशूच्या आईची, मारियेची प्रार्थना आमच्या आजोबांना लॅटिनमध्ये तोंडपाठ होती, ते ती सोप्या चालीत म्हणायचे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मराठीत आली आणि ते गाणं आमच्या चर्चमधून जवळजवळ गेलंच. म्हणून बैठकीत मी मुद्दाम त्याच प्रार्थनेची मोठी चाल लावली, मठांत गातात ती. पहिली ओळ संपते न संपते तोच एका ज्येष्ठ काकांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला, गाणं ज्या सुरावर सुरू झालं तोच सा धरून जुळवला आणि म्हणाले, "आता ऐका, आता याला बैठक आली." चारजणांनी माना डोलावल्या.

त्या चालीत काय घडतं ते बघा. 'साल्वे' या एका शब्दावर सूर येतात ला-सोल-ला-रे (पाश्चात्य नावं, हा रे म्हणजे आपला ऋषभ नव्हे). चाल पहिल्या मोडमधली (मोड म्हणजे चान्टच्या चालीची स्वरचौकट), तिचं घर, म्हणजे शेवटी विसावायचा सूर, रे. आपल्या सरगमीत प म प सा. काकांनी पंचमालाच षड्ज करून टाकलं! शेवटी 'ओ क्लेमेन्स, ओ पिया, ओ दुल्चिस' अशा तीन हाका येतात आणि चाल रे वर विसावते. काकांच्या तानपुऱ्यावर तो झाला मध्यम. दिवसभर चालून घरी आलेलं माणूस उंबऱ्यातच ताटकळावं तसं ते ऐकू आलं. मी म्हटलं, "काका, हे चुकतंय." तर म्हणाले, "सुराला आधार नको का?"

आधार आहे, पण तो कुणी सतत वाजवत नाही. घर कुठलं, हे शेवटच्या सुरावर पक्कं होतं. तोवर दुसरा एक सूर, पहिल्या मोडमध्ये ला, चालीला आपल्याकडे ओढत राहतो. ऐकायची ती ही ओढ. तानपुरा बरोबर रे वर लावला असता, तरी घर आधीच सांगून टाकलं असतं. आणि मोड म्हणजे आपला थाट, असं म्हणूनही मोकळं होऊ नका.

तर सुरुवात याच मोठ्या 'साल्वे'ने करा. फ्रान्समधल्या सोलेमच्या मठाची रेकॉर्डिंग्ज शोधा. एकोणिसाव्या शतकात जुन्या हस्तलिखितांवरून हे गायन पुन्हा उभं करण्याचं मोठं काम तिथल्या संन्याशांनी केलं. लॅटिन शब्द समोर ठेवा. पहिल्या ओळीची चाल 'वीता, दुल्चेदो'ला परत येते, ती ओळखा. झोप यावी म्हणून लावणार असाल तर माझं उत्तर तुमच्या कामाचं नाही.

मग हिल्डेगार्ड (१०९८-११७९) या जर्मन मठवासिनीची गाणी, शक्यतो बिनवाद्यांची. 'अनॉनिमस ४' या समूहाच्या चौघी ती छान गायल्या आहेत. त्यानंतर 'विदेरुन्त ओम्नेस' हा नाताळचा चान्ट आधी साधा ऐका आणि लगेच पेरोतँ या संगीतकाराने चार आवाजांत रचलेला, हिलियर्ड आन्सांब्ल या गायकसमूहाचा. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलसाठी ११९८ च्या सुमारास तो रचला असं मानतात. पहिलं 'वी' इतकं लांबतं की शब्द हरवतो. वर तीन आवाज खेळतात आणि खाली एक सूर धरलेला असतो. पण तो कायमचा षड्ज नव्हे. तुम्ही आत्ताच ऐकलेल्या चान्टचाच एकेक सूर आहे, आणि तो बदलला की वरचं सगळं बदलतं. चौदाव्या शतकातल्या माशो या फ्रेंच संगीतकाराची मिस्सा त्याच्याही नंतर, घाई नको.

एक सांगायचं राहिलं. मार्सेल पेरेस यांचा ऑर्गानुम समूह जुन्या रोमन चान्टखाली (ही रोममधली वेगळी परंपरा) धरलेला स्वर गातो, त्यांच्याबरोबर लिकुर्गोस अँगेलोपूलोस हे ग्रीक गायकही गायलेत. अभ्यासकांत त्यावरून मतभेद आहेत, मला ते गाणं फार आवडतं. काका हल्ली त्याचाच दाखला देतात. पण तिथे तो स्वर माणसं धरतात, चाल कुठे चालली आहे हे जाणून, आणि चाल वळली की तेही सूर बदलतात. काकांचं यंत्र शेवटपर्यंत त्या चुकीच्या 'सा'वरच वाजत होतं.