गठ्ठ्यावरची तिरकी रेघ

प्रश्न : आई सत्तरच्या दशकात मुंबईत पंच ऑपरेटर होती. तिच्या ट्रंकेत भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा सापडला. वरच्या कडेवर पेन्सिलीची तिरकी रेघ आहे, बऱ्याच कार्डांना उजवीकडे बारीक खाच आहे. हे काय? आणि त्यावरचं आता वाचता येईल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ही पंच कार्डं. तेव्हा कॉम्प्युटरला माहिती अशीच, भोकांच्या रूपात दिली जायची, आणि ती भोकं पाडायचं काम पंच ऑपरेटरचं. आधी एक करा, रबर काढून ती कार्डं पत्त्यांसारखी पिसू नका. रेघ त्याचसाठी आहे. गठ्ठा लावून झाला की कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी रेघ मारायची. एखादं कार्ड भलतीकडे गेलं की रेघ तिथे तुटलेली दिसते.

मी गिरणीच्या पगाराचं काम करायचे. एकदा शिपायाच्या हातून जिन्यात अख्खा ट्रे उलटला, तोही पगाराच्या आदल्या दिवशी. तेव्हा रेघ पुरली नाही, सॉर्टर, म्हणजे कार्डं क्रमाने लावणारं मशीन, लावावं लागलं. ते एका फेरीत एकच कॉलम, म्हणजे भोकांची एकच उभी रांग, बघतं. कामगाराचा तिकीट नंबर पाच आकडी, म्हणजे एककाच्या आकड्यापासून सुरुवात करून सगळा गठ्ठा पाच वेळा फिरवायचा. रात्रपाळीवाल्यांनी आमच्या नावाने बोटं मोडली.

खाच व्हेरिफायरची, म्हणजे पंचिंग तपासणाऱ्या मशीनची. एकीने पंच केलेलं कार्ड दुसरी तोच कागद बघून पुन्हा टाइप करायची. सगळं जुळलं तर मशीन उजव्या कडेला खाच पाडायचं, नाही जुळलं तर चुकलेल्या कॉलमच्या डोक्यावर. कुणाच्या कार्डांना डोक्यावर जास्त खाचा, यावरून डब्याच्या सुट्टीत बोलाचाली व्हायची!

वाचता नक्की येईल, मशीनशिवाय. छापील आकडे सुलट दिसतील असं कार्ड धरा. ८० कॉलम, एका कॉलमात एक अक्षर. एकच भोक असेल तर तो सरळ आकडा. इंग्रजी अक्षराला दोन भोकं : सगळ्यात वरची ओळ आणि १ म्हणजे ए, २ म्हणजे बी, असं ९ म्हणजे आयपर्यंत. तिच्याखालच्या ओळीत १ ते ९ म्हणजे जे (J) ते आर (R), शून्याच्या ओळीत २ पासून ९ पर्यंत एस ते झेड. पुढे मी २४०० फुटी मॅग्नेटिक टेपची रिळं हाताळली, फ्लॉप्या हाताळल्या. त्यातलं काही असं उजेडात धरून वाचता येत नाही.

पावसाळ्यात मात्र सांभाळा. ओल धरली की कार्ड फुगतं, कार्ड वाचणाऱ्या मशीनमध्ये, रीडरमध्ये, हटकून अडकायचं. आमच्या मशीनरूममधला एसी माणसांसाठी नव्हताच. आधी पहिली दोन-तीन कार्डं वाचून कळवा. सगळ्यांत ठरावीक जागी नुसतेच आकडे असतील, तर तो प्रोग्रॅम नसून कुणाच्या तरी हिशेबाचा गठ्ठा असावा.