दोघं, एक कनू, चार दिवस : वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याचे बेत आखायची वेळ आली की कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या वाचकांची पत्रं तिथल्या अल्गोंक्विन पार्कभोवती, म्हणजे तळ्यांनी भरलेल्या मोठ्या राखीव जंगलाभोवती, फिरू लागतात. या वेळी बहुतेक प्रश्न ‘मी आणि माझा मित्र’ किंवा ‘आम्ही दोघी मैत्रिणी’ अशा जोड्यांचे आहेत, म्हणून उत्तरंही दोन माणसं आणि एक कनू (वल्ह्यानं चालवायची अरुंद, उघडी नाव) एवढ्यापुरतीच ठेवली आहेत. चार-पाच कनूंच्या गटाला जे चालतं, ते दोघांना चालतंच असं नाही.

प्रश्न : कॉलेजातला जुना मित्र आणि मी, दोघेही पहिल्यांदाच जाणार आहोत. चार दिवस, तीन रात्री. कुठून निघावं? मला पोहता येतं, त्याला येत नाही. (मिसिसॉगा)

उत्तर : हायवे ६० वरच्या कनू लेकवरून निघा. टोरोंटोहून गाडीनं साधारण तीन-साडेतीन तास लागतात आणि कनू तिथेच भाड्यानं मिळते, त्यामुळे ती टपावर बांधून न्यायची कटकट नाही. कनू लेक, जो लेक, टीपी, फॉन, लिटलडो आणि शेवटी टॉम थॉमसन लेक असा हा रस्ता आहे. त्यात पोर्टेज, म्हणजे नाव उचलून चालावं लागतं ते, एकदाच, कनू लेक आणि जो लेकच्या मधे, २९५ मीटर. बाकी सगळं पाण्यातून. पहिली रात्र टीपीवर, दुसरी टॉम थॉमसनवर, तिसरी परत जो किंवा टीपीवर, असं आखलंत तर रोज दुपारपर्यंत मुक्कामी पोचाल. सामानासकट नवख्या जोडीचा वेग ताशी तीन किलोमीटर धरा. नकाशावर बोट फिरवताना हा आकडा फार लवकर विसरला जातो.

आरक्षण ओंटारियो पार्क्स या प्रांताच्या उद्यान खात्याकडे करायचं असतं आणि ते पाच महिने आधी उघडतं. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार लगेच संपतात. आरक्षण विशिष्ट जागेचं होत नाही, त्या रात्रीच्या तळ्याचं होतं. तळ्यावर पोचल्यावर काठावर नारिंगी पाटी असलेली जी जागा रिकामी दिसेल ती तुमची. म्हणून उशिरा पोचणाऱ्याच्या वाट्याला दलदलीच्या कडेची उरते. पाटी नसलेल्या ठिकाणी तंबू ठोकायची परवानगी नाही.

मित्राला पोहता येत नसेल तरी तो येऊ शकतो. कायद्यानं प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट, शिट्टी, पाणी उपसायचं भांडं आणि निदान १५ मीटर लांबीची तरंगणारी दोरी नावेत असावी लागते. भाड्यानं देणारे हे सगळं सोबत देतात, पण मोजून घ्या. आमचा आग्रह त्यापुढचा आहे : जॅकेट पूर्ण वेळ अंगात आणि चेन लावलेली. बुडाखाली उशी म्हणून घेतलेलं जॅकेट नाव उलटल्यावर हाती लागत नाही.

प्रश्न : मोठ्या तळ्यावर वारा सुटला तर? आणि उलटलोच तर परत आत कसं चढायचं? (ओकव्हिल)

उत्तर : दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो. खोल पाण्यात कनू रिकामी करून परत चढायची जी पद्धत शिकवतात, तिला दुसरी कनू लागते. उलटलेली नाव तिच्यावर आडवी ओढून पाणी काढायचं असतं. तुमच्याकडे दुसरी कनू नाही. म्हणजे दोघांसाठी खरा उपाय एकच, नावेला धरून पाय मारत काठ गाठायचा. पाण्यानं भरलेली कनूही तरंगते. तिला सोडून काठाकडे पोहत निघणं ही सर्वांत महागात पडणारी चूक, कारण पाण्यातून काठ आहे त्याहून जवळ वाटतो.

यावरून एक नियम आपोआप निघतो : ज्या अंतरावरून नावेसकट पाय मारत काठाला लागता येणार नाही, तेवढं अंतर काठापासून घ्यायचं नाही. तळ्याच्या मधून सरळ रेघ मारली तर अर्धा तास वाचतो, हे खरं. तो वाचवू नका. गार पाण्याचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे, १-१०-१. पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात तोवर काही करायला, आणि बेशुद्ध पडेपर्यंत साधारण एक तास. एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला तिथला बर्फ वितळतो, त्यामुळे मेमधलं ऊन कितीही छान असलं तरी पाणी जीवघेणं गार असतं. पहिल्या सहलीसाठी मे नकोच. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या माश्या आणि डास असतात ते वेगळंच.

वाऱ्याबद्दल : सकाळी सहा-सातला पाण्यावर उतरा आणि दुपारी एकपर्यंत मुक्काम गाठा. वारा बहुधा दुपारी वाढतो. ताशी वीसेक किलोमीटरला लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. तो दिसला की नवख्या जोडीनं निघू नये, निघाले असाल तर काठाला लागावं. लाटा आल्याच तर बाकावरून उतरून गुडघ्यांवर बसा, वजन खाली जातं. लाट कुशीवर घेऊ नका आणि अगदी समोरूनही नको, थोडी तिरकी घ्या. ढगांचा पहिला गडगडाट ऐकला की पाण्याबाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत उतरायचं नाही.

सामान नावेला बांधावं की नाही यावर मतभेद आहेत. बांधलेल्या पिशव्यांमुळे उलटी नाव रिकामी करता येत नाही, हा विरोधातला मुद्दा. पण तुम्ही ती खोल पाण्यात रिकामी करणारच नाही आहात. तेव्हा खाण्याची आणि झोपायच्या सामानाची पिशवी दोरीनं बांधाच. मात्र दोरी सैल लोंबती ठेवू नका, पाय अडकतो.

प्रश्न : आमची कनू सारखी एका बाजूला वळते आणि मग पुढचा मागच्याला बोलतो. दोष कोणाचा? (ब्रॅम्प्टन)

उत्तर : पुढच्याचा नक्कीच नाही. मागचा माणूस उजवीकडे वल्हं मारतो तेव्हा नावेचं तोंड डावीकडे जातं, कारण तो नावेच्या मध्यापासून जास्त लांब बसलेला असतो. पुढच्यानं कितीही जोर लावला तरी हे पुरतं भरून निघत नाही.

उपाय म्हणजे जे-स्ट्रोक. वल्हं मागे कमरेपर्यंत ओढून झालं की पातं पाण्यातच ठेवायचं, वरच्या हाताचा अंगठा खाली जमिनीकडे वळेल असं मनगट फिरवायचं आणि पात्यानं पाणी नावेपासून बाहेर हलकंच ढकलायचं. अंगठा वर राहिला तर तो ब्रेक होतो, नाव वळते पण मंदावते. नव्या लोकांचं नव्वद टक्के इथेच अडतं. निघायच्या आधी शांत पाण्यात अर्धा तास हेच करा. तोवर नुसती बाजू बदलत राहिलं तरी चालतं : मागच्यानं हाक द्यायची आणि दोघांनी एकदम बदलायची.

पुढच्याचं काम एक लय धरायची आणि पाण्याखालचे दगड-ओंडके आधी सांगायचे. दिशा मागच्यानं धरायची. मागे कोण बसणार हे गाडीत बसतानाच ठरवा.

सामानाची मांडणीही तपासा. वारा समोरून असेल तर पुढचं टोक जरा जड हवं, पाठीमागून असेल तर मागचं. उलटं झालं की हलकं टोक वारा ढकलतो आणि दोघंही दमतात.

प्रश्न : पोर्टेजला कनू एकट्यानं उचलणं जमेल का? (किचनर)

उत्तर : चालणं एकट्यानं, उचलणं दोघांनी. केव्हलारची (हलक्या, मजबूत कृत्रिम धाग्याची) सोळा-सतरा फुटी कनू साधारण १८ ते २० किलोची, प्लास्टिकची ३० किलोच्या वर. भाड्यात फरक पडतो, पण पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

नाव जमिनीवर पालथी. एकानं पुढचं टोक डोक्यावर उचलून धरायचं, मागचं टोक जमिनीला टेकलेलंच. दुसऱ्यानं खालून चालत मधल्या आडव्या पट्टीपर्यंत यायचं, तिच्या दोन्ही गाद्या खांद्यांवर बसवायच्या आणि गुडघे सरळ करायचे. मागचं टोक उचललं गेलं, तोल आला, की ‘सोड’ म्हणायचं. आधी नाही. उतरवताना हेच उलट्या क्रमानं. दमून एकट्यानं बाजूला टाकायला जाल तर कंबर धरते आणि केव्हलारला तडा जातो. लाइफ जॅकेट अंगातच ठेवा, खांद्याला मऊ पडतं. वल्ही आत नीट बांधा, लोंबणारी वस्तू प्रत्येक पावलाला हेलकावते. खालून फक्त पायांपुढचं दिसतं, म्हणून मोकळ्या माणसानं पुढे चालावं.

आणि गणित : दोन खेपा म्हणजे अंतर तिप्पट. जायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा जायचं. २९५ मीटरचे ८८५ होतात. सुटं सामान हातात घेऊन चालणाऱ्यांच्या तीन खेपा होतात, मग पाचपट. म्हणून सगळं सामान दोन मोठ्या पिशव्यांत बसलं पाहिजे. खुर्च्या घरी. पोर्टेजची सुरुवात पिवळ्या पाटीनं दाखवलेली असते. पाण्याच्या कडेवरची वाट अडवून तिथे चहा पीत बसू नये, मागून दुसरे येत असतात.

प्रश्न : आम्ही दोघी शाकाहारी. तयार पाकिटांचं जेवण नको आहे. काय आणि किती न्यावं? अस्वलांचं काय? (स्कारबरो)

उत्तर : माणशी रोज ६०० ते ७०० ग्रॅम कोरडं सामान पुरतं, म्हणजे दोघींना चार दिवसांचे पाच-साडेपाच किलो.

आधी बंदी सांगतो. आतल्या भागात न जळणारे, वापरून टाकायचे डबे आणि बाटल्या न्यायला मनाई आहे. लोणच्याची काचेची बरणी, आमरसाचा किंवा रसगुल्ल्यांचा पत्र्याचा डबा गाडीतच राहील. तूप, तेल, लोणचं पुन्हा वापरायच्या प्लास्टिकच्या डब्यांत भरा. इंधन, औषधं आणि डासांचं मलम यांना सूट आहे.

तूरडाळ नेऊ नका, कुकरशिवाय ती शिजता शिजत नाही आणि गॅस संपतो. मुगाची किंवा मसुराची न्या. दोघींच्या खिचडीला १५० ग्रॅम तांदूळ आणि ७५ ग्रॅम मूगडाळ घरीच भाजून, हळद, जिरं, हिंग, मीठ घालून एका पिशवीत भरा. वर मार्करनं ‘पाणी १ लिटर’ असं लिहा. तिथे प्रमाण आठवत बसावं लागत नाही. अर्धा तास भिजवा, उकळी आल्यावर पाचेक मिनिटं मंद आचेवर ठेवा, मग झाकण लावून पातेलं चंदेरी फोमच्या वेष्टनात पंचवीस मिनिटं. पातेलं स्लीपिंग बॅगेत गुंडाळायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका, रात्री हिंगाच्या वासात झोपाल आणि तो वास फक्त तुम्हालाच येणार नाही.

सकाळी भाजलेल्या रव्याचा उपमा (१५० ग्रॅमला ४५० मिलिलिटर पाणी) किंवा पातळ पोहे. दुपारी स्टोव्ह पेटवायचाच नाही : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरा, चिक्की. दशम्या दुसऱ्या दिवशी संपवा. मऊ भात आणि मेतकूट शेवटच्या रात्रीसाठी ठेवा, पाऊस असला तर ते फार बरं वाटतं. थालीपीठ नको, चवीबद्दल तक्रार नाही, पण तेलकट तवा धुणार कुठे? भांड्यांचं पाणी तळ्यापासून लांब, निदान पन्नास-साठ पावलं आत जाऊन ओतायचं. साबण तळ्यात अजिबात नाही.

पिण्याचं पाणी गाळा किंवा खळखळून एक मिनिट उकळा. तळं आरशासारखं स्वच्छ दिसलं तरी जियार्डिया हा पोट बिघडवणारा जंतू दिसत नाही.

अस्वलं काळी, लाजरी, पण वास पक्का घेणारी. खाणं, कचरा, टूथपेस्ट, साबण, लिप बाम असं वास येणारं सगळं एका पिशवीत, जमिनीपासून चार मीटर उंच, खोडापासून दोन मीटर लांब, तंबूपासून दूर. दोरी पंधरा मीटरची, आठ मिलिमीटर जाडीची. बारीक दोरी हाताला कापते आणि फांदीत रुतते. खाणं ठेवायचं निळं पिंप पाणी आत येऊ देत नाही, पण अस्वलापुढे त्याचं काही चालत नाही, तेही टांगा. फांदी उजेड असताना शोधा, तंबू ठोकण्याच्याही आधी. अंधारात दगड बांधून दोरी फेकणाऱ्यांचे दगड परत डोक्यावर येतात.

प्रश्न : सप्टेंबरच्या शेवटी मैत्रिणीकडे येणार आहे, ती कनूनं नेणार म्हणते. इथून कपडे काय आणू? (पुणे)

उत्तर : वेळ उत्तम. माश्या-डास जवळजवळ संपलेले, मेपलची पानं लाल. पण रात्री पारा पाचाच्या खाली जाऊ शकतो. जीन्स आणि सुती कुर्ते आणू नका, ओलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषतं. लोकरीचे मोजे तीन जोड, पातळ लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, फ्लीस, कानटोपी. पावसाचं जाकीट वेगळ्या पँटसकट असावं, सह्याद्रीतला पोंचो वाऱ्यात वल्हं मारताना उडतो. एक पूर्ण कोरडा जोड झोपण्यासाठी, जलरोधक पिशवीत. सकाळी ओले कपडेच परत घालायचे, कितीही नको वाटलं तरी. स्लीपिंग बॅग शून्य अंशाची, तिथे भाड्यानं मिळते.

प्रश्न : संडासची सोय? (नाव न देण्याच्या विनंतीसह)

उत्तर : प्रत्येक जागेमागे पायवाटेच्या टोकाला झाकणाची लाकडी पेटी असते. भिंती नाहीत, छप्पर नाही. पाण्याची सवय असेल तर एक वेगळी, खूण केलेली बाटली भरून न्या. या पेटीत कचरा टाकू नका आणि झाकण लावा.

प्रश्न : फोन चालतो का? गळ टाकता येईल का? (मार्कहॅम)

उत्तर : हायवे सोडल्यावर फोन चालेल असं धरूच नका. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भाड्यानं घ्या. घरी एका माणसाला तळ्यांची नावं रात्रीनिहाय, गाडी कुठे लावली ते आणि ‘अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर पार्कला कळव’ असं लिहून द्या. वाऱ्यामुळे एखादा दिवस अडकू शकता, त्यामुळे परतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसची मीटिंग ठेवू नका. मासेमारीला १८ ते ६४ वयाच्यांना ओंटारियोचा परवाना लागतो आणि या पार्कात जिवंत मासळीचं आमिष चालत नाही.