‘शुभ बोल नाऱ्या’ आणि एक सरळ प्रश्न

आपल्या पत्रातला राग मी समजू शकते. न्यू जर्सीतल्या शाळेच्या समुपदेशकाने आपल्या सोळा वर्षांच्या मुलीला ‘जीव संपवण्याचा विचार मनात येतो का’ असे सरळ विचारले, आणि पुण्याहून फोनवर ते ऐकणाऱ्या सासूबाई म्हणाल्या की असले अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. आपणही बहुधा ‘शुभ बोल नाऱ्या’ ऐकतच वाढला असाल. मीही सदाशिव पेठेत तेच ऐकत वाढले. तरीही या बाबतीत मी त्या समुपदेशकाच्या बाजूची आहे. असे विचारल्याने नसलेला विचार मनात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उलट, मनात आधीच असलेली गोष्ट बोलायला त्यामुळे वाट मिळते.

मात्र, आपल्याला शाळेकडून मिळालेले लक्षणांचे पत्रक आपल्या घराला पूर्णपणे लागू पडेलच, असे नाही. अमेरिकेत आत्महत्येने मरण पावणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण स्त्रियांच्या जवळपास चौपट आहे आणि तिथे मुख्यतः नैराश्यासारख्या आजाराचा शोध घेतला जातो. भारतात २०२२ मध्ये अशा १,७०,९२४ मृत्यूंची नोंद झाली; त्यांतले सर्वाधिक, म्हणजे २२,७४६, महाराष्ट्रातले होते. एकूण मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश १८ ते ३० या वयोगटातले होते, आणि पोलिसांच्या नोंदींत सर्वांत मोठे कारण ‘कौटुंबिक समस्या’ हे आहे. (पोलिसांच्या रकान्यात माणसाचे दुःख कितपत मावते, हा प्रश्न निराळा.) लग्नामुळे आधार मिळतो हा पाश्चात्त्य देशांतला सर्वसाधारण अनुभव भारतीय स्त्रियांना तितकासा लागू होत नाही. आपल्याकडे पुष्कळदा दीर्घ आजारापेक्षा एखादे भांडण, निकाल, अपमान किंवा कर्ज, आणि त्यानंतरचे काही तास घातक ठरतात.

देश बदलला म्हणून हे सारे विमानतळावर गळून पडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या स्थलांतरितांच्या अभ्यासांत त्यांच्यातले आत्महत्येचे प्रमाण मायदेशातल्या प्रमाणाशी बरेच मिळतेजुळते आढळले, आणि इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकातल्या नोंदींत भारतीय उपखंडातून आलेल्या तरुण स्त्रियांमध्ये ते स्थानिक स्त्रियांपेक्षा बरेच जास्त होते. म्हणून मुलगी अभ्यासात हुशार आहे, हसतेखेळते आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नये. घरातल्या मोठ्या वादानंतरच्या रात्री तिच्याकडे अधिक लक्ष असावे.

आपल्या भाषेत हे दुःख क्वचितच स्वतःच्या नावाने येते. ‘जीव नकोसा झालाय’, ‘कशातच मन लागत नाही’, ‘तुम्ही सुटाल एकदाचे’, ‘डोकं जड आहे’, अशा शब्दांत ते येते, आणि ती बोलण्याची रीतच आहे असे समजून आपण पुढे जातो. इंग्रजीत वाढलेली मुलगी कदाचित यातले काहीच म्हणणार नाही. ती केवळ खोलीचे दार लावून घेईल. तिला विचारताना ‘तसलं काही नाही ना मनात?’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नातच ‘नाही’ हे उत्तर ठरलेले असते. ‘जगूच नये असं तुला कधी वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असे विचारावे आणि मग थांबावे. उत्तर ‘हो’ आले तर रडारड, शपथा आणि ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे सारे बाजूला ठेवून तिला एकटे सोडू नये, घरातली औषधे कुलपात ठेवावीत आणि शस्त्र असल्यास ते घराबाहेर हलवावे. श्रीलंकेत अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आल्यावर आत्महत्यांचे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक घटले. साधन हाताशी नसेल तर तो घातक क्षण पुष्कळदा टळतो, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही. अमेरिका आणि कॅनडात ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३ आणि ऑस्ट्रेलियात १३ ११ १४ या मदतवाहिन्यांच्या क्रमांकांवर केव्हाही बोलता येते.

पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही सासूबाईंची भीती आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेतल्या जुन्या कलम ३०९ मुळे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणाऱ्या व्यक्तीला तीव्र तणावाखाली मानून शिक्षेऐवजी उपचार देण्याची तरतूद केली, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही.

आपल्या पत्रात आणखी एक वाक्य ओझरते आले आहे. कोथरूडच्या घरी एकट्या राहणाऱ्या सासूबाई हल्ली ‘आता देवाने न्यावं’ असे म्हणतात, आणि आपण सगळे ते हसण्यावारी नेता. रविवारी सर्वांसमोर होणाऱ्या व्हिडिओ कॉलवर हे विचारता येणार नाही. आपली रात्र म्हणजे त्यांची सकाळ. त्यांची पूजा आटोपली की आपल्या पतींनी एकट्याने फोन करावा आणि मुलीसाठी सांगितलेला तोच प्रश्न आईलाही विचारावा. त्या ‘हो’ म्हणाल्या तर फोन न ठेवता शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी लगेच त्यांच्याकडे जायला सांगावे. भारत सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर त्यांना मराठीतही बोलता येईल.