फ्रान्समध्ये गाड्यांची वर्दळ नसलेला, नदीकाठचा ग्रॅव्हल रस्ता कुठला आणि तयारी काय करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये पाच-सहा दिवस हातात आहेत, आजवर सायकल फक्त डांबरावर चालवली आहे, फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून नदीच्या काठाने जाणारा कच्चा पण सोपा रस्ता हवा आहे आणि गाड्या नकोत.

या अटी शब्दशः धरल्या तर माझं उत्तर मायेन नदी. बहुतेक लोक लोआरचं नाव सुचवतील. लोआर सुंदर आहे, पण त्या मार्गाचा बराच भाग डांबरी आहे आणि गावागावांतल्या छोट्या रस्त्यांवरून जातो. गाड्या कमी असल्या तरी असतात. कनाल द्यु मिदीचं नाव मोठं, पण तुलूझपासून पन्नासेक किलोमीटर गेलं की काठाची वाट झाडांच्या मुळांनी उखडलेली मिळते, नवख्याचे हात आणि पाठ दोन्ही बोलायला लागतात. नांत ते ब्रेस्त कालवा मात्र अस्सल आहे, ३६० किलोमीटरच्या आसपास. पण त्याला पाच दिवस पुरणार नाहीत.

मायेन नदी फ्रान्सच्या वायव्येला उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पूर्वी मालाच्या होड्या काठावरून चालणारे घोडे दोराने ओढत नेत; त्या घोड्यांची वाट म्हणजे 'शमँ द आलाज'. तीच वाट आता सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना मोकळी आहे. मायेन गावापासून लाव्हाल, शातो-गोंतिए करत दाओंपर्यंत सलग ८५ किलोमीटर. त्यापुढे आंजे शहरापर्यंतच्या ४५-५० किलोमीटरांत वाट अधूनमधून काठ सोडून शेतांमधल्या लहान रस्त्यांवर येते. तिथे गाड्या तुरळक दिसतील, एवढं गृहीत धरा. विस्त्राम ते ला रोशेल जाणाऱ्या 'व्हेलो फ्रांसेत' या लांब मार्गाचाच हा एक तुकडा असल्यामुळे त्याच नावाच्या पाट्या शोधत जायचं.

जायचं कसं? पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून लाव्हालला तेजेव्हे (अतिवेगवान) गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. मायेन गावाला रेल्वे नाही. बस आहे, पण बसमध्ये सायकल घेतीलच असं समजू नका, आधी विचारा. मी असा क्रम सुचवेन: पहिल्या दिवशी लाव्हालला पोचून संध्याकाळी सँ-जाँपर्यंत दहाएक किलोमीटर जाऊन परत, म्हणजे सायकल आणि हवा तपासून होते. दुसऱ्या दिवशी लाव्हाल ते मायेन, ३५ किलोमीटर. तिसऱ्या दिवशी त्याच वाटेने उलटं येऊन लाव्हालच्या पुढे आंत्रामपर्यंत. चौथ्या दिवशी शातो-गोंतिए किंवा दाओं. पाचव्या दिवशी आंजे. एकच पट्टा दोनदा होतो, पण तो पट्टा या नदीवरचा सगळ्यात शांत आहे, म्हणून तक्रार नाही. परतीला आंजेहून लाव्हालला काही थेट टीईआर (प्रादेशिक) गाड्या आहेत.

आता रस्त्याचा पृष्ठभाग, कारण खरा फरक तिथेच आहे. वाळू आणि बारीक खडीचा चुरा दाबून बसवलेला असतो. तिकडे त्याला 'स्ताबिलीझे' म्हणतात. कोरडा असताना तो घट्ट आणि फिकट पिवळा दिसतो, सायकल जवळजवळ डांबरासारखी पळते. सामानासह ताशी १५-१६ किलोमीटर सहज पडतात. पाऊस झाला की तोच चुरा ओल्या रव्यासारखा टायरला चिकटतो आणि तिथून चेन, डिरेलर (गिअर बदलणारा भाग), ब्रेक असा सगळीकडे जातो.

ग्रॅव्हल बाईक (कच्च्या रस्त्यासाठीची जाड टायरची सायकल) हवीच असं नाही. भाड्याच्या दुकानांत 'व्हेतेसे' नावाची हायब्रिड सायकल सहज मिळते आणि या वाटेला ती पुरते. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. ४० असेल तर उत्तम. स्वतःची सायकल नेणार असाल तर मडगार्ड आणि टायर यांत बोटभर जागा आहे का बघा, नाहीतर ओला चुरा अडकून चाक घासत राहतं.

हवेचं प्रमाण ही नवख्याची पहिली चूक. पंक्चरवाल्याकडे टायर टणक करून घ्यायची आपली सवय इथे नडते. टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, तासाभरात तळहात बधिर होतात, आणि माणूस दोष सीटला किंवा हँडलबारला देतो. स्वार ७५ किलो, सायकल-सामान मिळून ३० किलो, टायर ४० मिलिमीटर, आत ट्यूब: पुढे ३८, मागे ४२ पीएसआयपासून (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. ट्यूबलेस असेल तर दोन्हीकडे पाच-सहा कमी. तिकडच्या पंपावर आकडे 'बार'मध्ये असतात: ३८ पीएसआय म्हणजे २.६ बार, ४२ म्हणजे २.९. पहिल्या संध्याकाळच्या फेरीत दोन-दोन पीएसआय कमी करत जा. हातातली झिणझिण थांबली की तो तुमचा आकडा. मुळावरून जाताना रिम 'ठक्' करून आपटली तर दोन वाढवा, कारण त्या ठकठकीतच ट्यूब चिमटली जाऊन शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

दुसरं पंक्चर काट्याचं. हा सगळा मुलूख 'बोकाज'चा, म्हणजे शेताशेताला झुडपांचं कुंपण. कुंपण छाटल्यावर काटे वाटेवर पडतात. दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, हातपंप एवढं लागतंच. टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका; आत राहिलेलं टोक पाच मिनिटांत तीही फोडतं. ट्यूबलेसवाल्यांनी निघण्याआधी सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) नवं भरावं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जुनं सीलंट टायरमध्ये केव्हाच वाळून बसलेलं असतं.

डिस्क ब्रेक असतील तर पॅडची एक जास्तीची जोडी सोबत ठेवा, आणि ती नेमकी तुमच्या ब्रेकची. खेड्यात तोच आकार मिळणं कठीण. ओल्या चुऱ्यात रेझिन पॅड एका दिवसात दिसण्याइतके झिजतात. संध्याकाळी बाटलीतल्या पाण्याने चेन आणि ब्रेक धुवा, फडक्याने पुसा, मग प्रत्येक कडीला एक थेंब तेल. जोराच्या फवाऱ्याने धुवू नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं.

सपाट रस्ता म्हणजे आराम, असं वाटतं. इथे उलटं होतं. उतारच नसल्यामुळे पॅडल मारणं थांबत नाही, आणि माणूस तासन्‌तास एकाच जागी दाबून बसतो. बुड आणि मान दुखतात, पाय नव्हे. उपाय नदीनेच करून ठेवला आहे. मायेन ते आंजे ४५ लॉकगेट (होड्यांना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजे) आहेत, म्हणजे साधारण दर तीन किलोमीटरला एक. प्रत्येक लॉकला पॅडलवर उभे राहा, पंचवीस-तीस सेकंद उभ्यानेच चालवा, पाणी प्या. तिथे वेग कमी करावाच लागतो. लॉकपाशी पाण्याची पातळी दीड मीटरच्या आसपास बदलते, तेवढा छोटा चढ किंवा उतार वाटेलाही असतो, पुढे वळण, आणि वळणापलीकडे कोणीतरी मुलाला घेऊन बोटी बघत उभं असतं. गाड्या अडवायला लावलेल्या अडसरांतून पॅनिअर (कॅरिअरला टांगायच्या पिशव्या) लावलेली सायकल निघते, पण मागे लहान मुलाची ट्रेलर असेल तर उतरून ढकला.

बेसावध गाठतात ते गळ टाकून बसलेले लोक. मासे धरणारे चार-चार लांब काठ्या काठावर मांडतात, आणि काठीचा मागचा भाग वाटेवर आलेला असतो. लांबूनच घंटी, हळू, आणि 'बोंज्युर'. बोंज्युर न म्हणता पुढे निघून जाणं तिथे उद्धटपणाच समजतात. वाट द्यायला कडेच्या गवतात शिरू नका. खाजकुयलीची आठवण करून देणारी 'ऑर्ती' उघड्या पोटऱ्यांना लागली की तासभर चुरचुरते. गवतात बसलात तर रात्री गुडघ्यामागे आणि मोज्यांच्या कडेला गोचीड आहे का तेही बघा.

आता जेवण. वाट सपाट, पण गावं बऱ्याचदा वर, दरीच्या कडेला. बेकरीसाठी एक-दीड किलोमीटरचा खडा चढ चढावा लागतो, आणि वर पोचल्यावर दार बंद! बेकऱ्या दुपारी साधारण एक ते साडेतीन बंद, आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद (पुष्कळदा सोमवारी). हॉटेलात दुपारचं जेवण बारा ते दीड-दोन, त्यानंतर स्वयंपाकघर थंड. रविवारी दुपारनंतर सुपरमार्केटही मिटलेलं. म्हणून सकाळीच दुपारचा पाव घेऊन निघा. जूनमध्ये उजेड रात्री दहापर्यंत असतो, वेळेची घाई नाही; घाई फक्त साडेअकराला असते.

शाकाहारी असाल तर जास्त काळजी घ्या. किश या अंडं-क्रीमच्या खारट पायमध्ये बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. चीज आणि अंड्याचं गालेत (कुट्टूच्या पिठाचं धिरडं) मागता येतं. पण चीजमध्ये 'प्रेझ्युर' म्हणजे वासराच्या पोटातलं विरजण असू शकतं, कडक पाळणाऱ्यांनी वेष्टन वाचावं. आंत्रामजवळ काठावरच पोर-द्यु-साल्युचा मठ लागेल. त्या नावाचं चीज मूळचं तिथल्या मठवासीयांचं, पण त्यांनी नाव विकलं त्याला आता बरीच वर्षं झाली. मठात ते मिळेल या आशेवर थांबू नका.

पाण्याची सोय: गावाच्या दफनभूमीत जवळजवळ नेहमी नळ असतो. 'नों पोताब्ल' लिहिलं असेल तर पिऊ नका. मुक्कामाला 'आक्यई व्हेलो' ही खूण शोधा. मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत, सायकल कुलपात ठेवायची जागा आणि थोडी हत्यारं, एवढी खात्री त्यात असते.

नियम फार नाहीत. बारा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं, घंटी आणि दिवे हवेत, गावाबाहेर अंधारात चमकणारं जॅकेट. कानात इअरफोन घालून चालवलं तर १३५ युरो दंड, तोही २०१५ पासून. 'रूत बारे' अशी पाटी दिसली तर वाट पुढे खरंच बंद आहे, वाकून पलीकडे जाऊ नका. हिवाळ्यात पुराचं पाणी वाटेवर येतं. आंजेजवळची सँ-ओबँची कुरणं तर तेव्हा पाण्याखालीच असतात. जूनमध्ये ती भीती कमी.

परतताना तेजेव्हेमध्ये सायकल उघडी न्यायची असेल तर तिकिटासोबतच जागा राखून ठेवा, थोड्याच असतात. नाहीतर १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत भरून सामान म्हणून. त्यासाठी पुढचं चाक आणि पॅडल काढावी लागतात. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं, सैल करायला घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. चार दिवस चुरा खाल्लेलं पॅडल फलाटावर सुटत नाही, म्हणून घरून निघतानाच दोन्ही आट्यांना ग्रीस लावून ठेवा.