वाचकांचे प्रश्न : राइस कुकरचा थर्मल फ्यूज, पंख्याचा फ्यूज आणि मिक्सरचे लाल बटण

प्रश्न : आमचा ७०० वॅटचा राइस कुकर एकदम बंद पडला, दिवाही लागेना. कारागिराने तळ उघडून आतला एक बारीक तुकडा ‘उडालाय’ म्हणून काढून टाकला आणि वायर डायरेक्ट जोडून दिली. आता कुकर छान चालतो. घरात एमसीबी आहे, तर असाच वापरला तर चालेल का? — एक वाचक, सांगली

नाही. नवा तुकडा बसेपर्यंत तो कुकर लावू नका. काढून टाकलेला तुकडा म्हणजे थर्मल फ्यूज, आणि त्याचे काम एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच, करूच शकत नाही.

७०० वॅटचा कुकर २३० व्होल्टवर साधारण ३ अँपिअर करंट घेतो. भातातले पाणी आटले की तळाचे तापमान १०० अंशांच्या वर जाते. सुमारे १०३ अंशांना मधल्या चुंबकाची ओढ संपते आणि खटका ‘वॉर्म’वर पडतो. हा खटका अडकला किंवा त्याचे पॉइंट एकमेकांना चिकटले, तर प्लेट तापतच राहते. करंट मात्र तेवढाच, ३ अँपिअर. मग ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी पडणार तरी कशाला? आत साधी पीव्हीसी वायर असेल तर तिचे आवरण ७० अंशांपर्यंतच्या वापरासाठी असते. ते वितळले, वायर उघड्या पडल्या आणि शॉर्ट झाला, की मग एमसीबी पडेल. तोवर उशीर झालेला असतो.

थर्मल फ्यूज मुख्यतः उष्णता पाहतो. कुकरमध्ये बहुधा धातूच्या नळीतला फ्यूज असतो. त्यात विशिष्ट तापमानाला वितळणारी एक गोळी असते. तिच्या आधाराने दाबून धरलेली स्प्रिंग गोळी वितळताच सुटते आणि संपर्क तोडते. थंड झाल्यावर तो पुन्हा जुळत नाही, आणि तसेच हवे, कारण उडालेला फ्यूज म्हणजे आत दुसरे काहीतरी बिघडले आहे.

नवा घेताना जुन्यावरचे आकडे वाचा. १० अँपिअर, २५० व्होल्ट आणि ‘टीएफ’पुढचे तापमान (ज्याला फ्यूज उडतो ते), हे तिन्ही तसेच हवेत. जास्त तापमानाचा घेतला तर संरक्षण उशिरा मिळते. कमीचा घेतला तर रोजच्या भातालाच उडतो. जुना हरवला असेल तर कुकरचे मॉडेल सांगून सर्व्हिस सेंटरमधूनच मागवा, अंदाजाने घेऊ नका.

बसवताना बहुतेक वेळा घोटाळा डागकामात होतो. सोल्डरिंगचे टोक ३०० अंशांच्या वर असते. ती उष्णता तारेतून गोळीपर्यंत पोचते आणि नवा फ्यूज जागच्या जागी उडतो. म्हणून जोड क्रिंप स्लीव्हने, म्हणजे तारांवर दाबून बसवायच्या धातूच्या छोट्या नळीने करा. डाग द्यावाच लागला तर फ्यूज आणि जोड यांच्यामध्ये तार पक्कडीत धरा, म्हणजे उष्णता पक्कड ओढून घेईल, आणि दोन-तीन सेकंदांत काम उरका. तार अगदी बुंध्याशी वाकवू नका, तिथले सील तडकते. या प्रकारात बाहेरची नळीही एका तारेला जोडलेली, म्हणजे जिवंत असते. त्यामुळे फायबरग्लासची स्लीव्ह चढवल्याशिवाय बसवायचा नाही. शेवटी पट्टीखाली तो प्लेटला घट्ट टेकायला हवा. लोंबकळता राहिला तर प्लेटचे नव्हे, हवेचे तापमान पाहत बसतो.

आणि मूळ कारण शोधा. बरेचदा ते एखादे वाळलेले शीत असते. प्लेट आणि भांडे यांच्यात शीत अडकले की भांडे तिरके बसते, उष्णता भातात जात नाही आणि प्लेट एकटी तापते. भांड्याचा तळ चेपला असेल तरी हेच. भांडे ठेवण्याआधी तळ आणि प्लेट कोरडी पुसा, ठेवल्यावर थोडे डावी-उजवीकडे फिरवून बसवा. खटका हाताने वर-खाली करून मोकळा चालतो का तेही पाहा.

प्रश्न : टेबल फॅन आधी गुणगुणला, मग पूर्ण बंद. मोटर जळली का? — एक वाचक, डोंबिवली

जळली असेलच असे नाही. प्लग काढा, मोटर थंड होऊ द्या आणि वायंडिंगवर, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीवर, दोऱ्याने बांधलेला थर्मल फ्यूज शोधा. मल्टिमीटरवर त्याची कंटिन्युइटी (दोन टोकांमधली सलग जोडणी) मिळाली नाही तर तो उडाला आहे. वायंडिंग काळे पडले नसेल, जळका वास येत नसेल, तर त्याच आकड्यांचा नवा लावून मोटर वाचते. पण गुणगुण झाली म्हणजे पंखा फिरायला अडत होता. बुश (शाफ्ट ज्यात फिरते ती कडी) सुकले आहे की कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा भाग) उतरला आहे ते आधी पाहा. शाफ्ट बोटाने फिरवली की सहज फिरायला हवी. जड असेल तर बुश साफ करून हलके मशीन ऑइल द्या.

प्रश्न : मिक्सरच्या खालचे लाल बटण हाही थर्मल फ्यूजच का? — एक वाचक, मडगाव

नाही. तो ओव्हरलोड प्रोटेक्टर. जास्त करंटने आतली द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि संपर्क तुटतो. हा पुन्हा वापरता येतो. बटण बाहेर आले की स्विच शून्यावर आणा, प्लग काढा, भांड्यातले वाटण निम्मे करा. काही मिनिटे थांबून बटण दाबा. भांडे रिकामे असतानाही ते उडत असेल, तर मिक्सर चालवू नका, दुरुस्तीला द्या.