पीएनजी फाईलचं नाव बदलून जेपीजी केलं तरी फॉर्म फोटो घेत नाही. गिंपमध्ये नीट कसं बदलायचं?

तुम्ही विचारलंय की बँक भरतीच्या फॉर्मसाठी फोटो आणि सही जेपीजीमध्ये हवी आहे, तुमच्याकडे दोन्ही पीएनजी आहेत, फाईलच्या नावाचा शेवट बदलून पाहिला तरी वेबसाईट नकार देते, आणि संगणकावर गिंप, म्हणजे फोटोत बदल करायचा मोफत प्रोग्रॅम, आहे.

नाव बदलल्याने आतलं काही बदलत नाही. पीएनजी फाईलच्या पहिल्या आठ बाइटांमध्येच पी, एन, जी ही तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेली असतात. फोटो दाखवणारे बरेच प्रोग्रॅम नावाकडे न बघता हे बाइट वाचतात, म्हणून नाव बदललेली फाईल तुमच्याकडे व्यवस्थित उघडते. फॉर्मची वेबसाईट तेच बाइट तपासून ती परत पाठवते. त्यात विंडोज मुळात एक्स्टेन्शन, म्हणजे नावातला टिंबानंतरचा शेवट, लपवून ठेवतं, त्यामुळे तुम्ही जेपीजी लिहिलंत तरी त्यापुढे न दिसणारं पीएनजी तसंच राहिलेलं असू शकतं. फाईल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' आधी चालू करा. (जेपीईजी आणि जेपीजी ही मात्र एकाच फॉरमॅटची दोन नावं आहेत. तिथे नुसतं नाव बदललेलं चालतं.)

आता गिंप. फाईल उघडल्यावर कंट्रोल-एस दाबू नका. गिंपमध्ये 'सेव्ह' म्हणजे फक्त त्याचा स्वतःचा एक्ससीएफ फॉरमॅट, आणि तिथे जेपीजी नाव दिलंत तर ते सरळ अडवतं. बाकी सगळे फॉरमॅट 'एक्स्पोर्ट अ‍ॅज'मधून निघतात, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-ई. पण त्याआधी तीन कामं उरकून घ्या.

पहिलं, 'इमेज'मधल्या 'मोड'मध्ये आरजीबी, म्हणजे पूर्ण रंगांचा मोड, निवडलेलं आहे का बघा. काही पीएनजी 'इंडेक्स्ड' असतात, म्हणजे त्यात जास्तीत जास्त 256 रंग. त्या मोडमध्ये आकार लहान केला तर कडा दातेरी होतात, कारण शेजारच्या दोन रंगांच्या मधली छटा तिथे तयार करता येत नाही.

दुसरं, पारदर्शक भाग. जेपीजीमध्ये पारदर्शकता नसते, आणि गिंप ती जागा टूलबॉक्समधल्या बॅकग्राउंड रंगाने भरतं. तो काळा असेल तर काळ्या शाईची सही काळ्या चौकोनात गडप होते. कीबोर्डवर डी दाबलं की रंग मूळचे, म्हणजे पुढे काळा आणि मागे पांढरा, असे होतात. मग 'इमेज'मधून 'फ्लॅटन इमेज' करा आणि मागचा भाग पांढरा झाला का ते तिथेच बघून घ्या.

तिसरं, आकार. आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) फॉर्मला फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी, सही 140 बाय 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी असं मागितलेलं असतं. तुमच्या जाहिरातीतले आकडे एकदा पडताळा. क्रॉप टूल शिफ्ट-सी ने घ्या, त्याच्या पर्यायांत 'फिक्स्ड'ला टिचकी मारून 'आस्पेक्ट रेशो' निवडा आणि 200:230 लिहा, म्हणजे चेहरा ताणला जात नाही. मग 'इमेज'मधल्या 'स्केल इमेज'मध्ये रुंदी भरा. साखळीचं चिन्ह जोडलेलं ठेवलंत तर उंची आपोआप येते.

सहीचा फोटो मोबाईलवर काढलेला असेल तर कागद करडा दिसतो. 'कलर्स'मधल्या 'लेव्हल्स'मध्ये पांढऱ्या बिंदूचा ड्रॉपर घेऊन कागदाच्या कोऱ्या भागावर एकदा टिचका. कागद पांढरा होतो, शाई उठून दिसते.

आता एक्स्पोर्ट. नावाच्या शेवटी टिंब देऊन जेपीजी टाईप करा, गिंप फॉरमॅट त्यावरूनच ठरवतं. पुढच्या खिडकीत 'क्वालिटी' बहुधा 90 असते. 'शो प्रीव्ह्यू' चालू केलंत की फाईल किती केबीची होईल ते तिथेच दिसतं. 'एक्सिफ' (फोटोसोबत फाईलमध्ये साठवलेली माहिती) आणि 'थंबनेल' (फोटोची छोटी प्रत) बंद ठेवा. मोबाईलच्या फोटोत एक्सिफमध्ये तो काढला त्या जागेचे अक्षांश-रेखांश असू शकतात, आणि ते फॉर्मसोबत पाठवायचं काही कारण नाही.

इथे बहुतेकांना भीती असते फाईल मोठी होण्याची. या लहान आकारांत अडचण बऱ्याचदा उलटी येते. पांढऱ्या कागदावरची 140 बाय 60 ची सही 10 केबीपर्यंत पोचतच नाही, आणि साध्या पार्श्वभूमीचा फोटोही 20 च्या खाली राहू शकतो. अशा वेळी क्वालिटी 98-100 करा आणि 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'सबसॅम्पलिंग' 4:4:4 ठेवा, म्हणजे रंगांचा तपशील कमी केला जात नाही. तरीही कमी पडलं आणि पिक्सेलचे आकडे 'प्रिफर्ड', म्हणजे शक्यतो तेवढे, म्हणून दिलेले असतील, तर त्याच प्रमाणात आकार वाढवा: फोटो 280 बाय 322, सही 280 बाय 120. मात्र हा आकार मूळ मोठ्या पीएनजीवरून घ्या. आधीच लहान केलेली जेपीजी पुन्हा ताणली तर चेहरा धूसर होतो.

म्हणूनच मूळ पीएनजी जपून ठेवा. जेपीजी 8 बाय 8 पिक्सेलच्या चौकोनांत तपशील गाळत जातं, आणि बदल करून पुन्हा एक्स्पोर्ट केलं की आणखी गाळतं. सहीच्या रेघेभोवती राखाडी ठिपके दिसतात ते यामुळेच. जेपीजीवरून परत पीएनजी केल्याने गेलेलं काही परत येत नाही, फक्त फाईल जड होते. क्वालिटी बदलून पाहायची तर दर वेळी पीएनजीपासूनच सुरुवात करा.

शेवटी केबी तपासताना विंडोजच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'साईझ'ची ओळ वाचा, 'साईझ ऑन डिस्क'ची नको. ती सहसा चार-चार केबीच्या टप्प्याने वर गेलेली असते, त्यामुळे 9 केबीची सही तिथे 12 ची दिसते आणि फॉर्म ती का नाकारतोय हे कळत नाही.