मांडवाचा धंदा बंद, बँक मात्र कर्ज द्यायला तयार. घ्यावं का?

ही २०२१ ची गोष्ट, करोनाच्या निर्बंधांत लग्नं अडकली होती तेव्हाची; खालच्या योजना, दर, नियम आणि मुदती त्या वेळच्या. दापोलीजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. यजमानांचा मांडव-डेकोरेशन आणि जेवणावळीचा धंदा. हिशेब ताई बघतात. टेम्पो, जनरेटर आणि खेळतं भांडवल धरून २९ फेब्रुवारी २०२० ला बँकेचं ९ लाख देणं होतं. आता बँक म्हणते, केंद्राच्या आपत्कालीन कर्ज हमी योजनेतून त्याच्या २० टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये आणखी मिळतील, नवं तारण नको. यजमानांच्या मनात आहे की त्यात पाटल्या गहाण टाकून भर घालावी आणि तुळशीच्या लग्नाआधी अडीच लाखांचं नवं डेकोरेशन आणावं. अडकलेली लग्नं एकदम निघतील, असा त्यांचा हिशेब. आणि शेजारी सांगतात, सरकारचे पैसे आहेत, पुढे माफ होतील.

ताई, आधी माफीचं बोलू, कारण ती आशा डोक्यात ठेवून सही करू नये. या योजनेत सरकारने हमी दिली आहे ती बँकेला. कर्ज थकलं तर बँकेला तिचे पैसे हमीतून मिळतील, पण तुमच्यामागची वसुली सुटणार नाही आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग राहील तो तुमच्याच. तसंच ४ जून २०२१ च्या बातमीचं. रिझर्व्ह बँकेने हॉटेल, पर्यटन, कार्यक्रम आयोजक अशा धंद्यांसाठी १५,००० कोटींची सोय केली, ती वाचून तुम्ही विचारलंय की ४ टक्क्यांनी कर्ज मिळेल का. नाही मिळणार. तो दर रिझर्व्ह बँक इतर बँकांना लावते. बँक तुम्हाला तिच्या दरानेच देणार, आणि द्यायलाच हवं अशी सक्तीही तिच्यावर नाही.

थेट हातात पैसे म्हणाल, तर एप्रिल २०२१ मध्ये राज्याने ५,४७६ कोटींचं पॅकेज काढलं. रिक्षावाले, फेरीवाले, नोंदणी झालेले बांधकाम मजूर यांना १,५०० रुपये जाहीर झाले. मांडव बांधणारा, आचारी, वाढपी त्या यादीत नाहीत. माझ्या मते हा अन्याय आहे. लग्नं बंद केली ती सरकारने, आणि या माणसांची मुख्य कमाई तर एप्रिल-मे महिन्यांची. पण नियोजन हातात आहे त्यावरच करावं लागतं, आणि आपल्या हातात आहे ते कर्ज.

तुम्ही बुकिंगच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलात, तो मी बराच वेळ बघत बसलो. या मोसमाची १४ कार्यं पेन्सिलीने लिहिलेली, त्यातली ११ खोडलेली. उरलेल्या तिघांसमोर तुम्ही लिहिलंय, ‘२५ माणसं, २ तास’. २२ एप्रिलचा लग्नांवरचा तो सरकारी नियम, वर मोडला तर ५०,००० दंड. आणि पानाच्या कडेला बारीक अक्षरात परत द्यायचे ॲडव्हान्स: ४०,००० रुपये. त्याच्याच खाली निसर्ग वादळानंतर गोडाऊनचे पत्रे घालायला आणि गड्यांची मजुरी द्यायला व्याजाने काढलेले ६०,०००, शेकडा तीनने.

माझं सगळं उत्तर त्या कोपऱ्यात आहे. शेकडा तीन म्हणजे महिन्याला १,८०० रुपये नुसतं व्याज, वर्षाला ३६ टक्के. या योजनेत बँकेला ९.२५ टक्क्यांवर जाता येत नाही; तेवढ्याच ६०,००० चं व्याज महिन्याला ४६२ रुपये पडेल. तेव्हा कर्ज घ्या, पण १,८०,००० नको, १,३०,००० घ्या. मिळतंय तेवढं सगळं उचललंच पाहिजे असं नाही. ६०,००० सावकाराचे, ४०,००० ॲडव्हान्सचे, आणि ३०,००० टेम्पोचा विमा आणि जनरेटरच्या कामाला. पैसे कशासाठी हवेत हे बँकेला खरं सांगा. ही सगळी धंद्याचीच देणी आहेत. पहिलं वर्ष फक्त व्याज, महिन्याला साधारण १,००० रुपये. त्यापुढे ३६ महिने ४,१५० च्या आसपास हप्ता. मध्येच पैसे आले तर आधी फेडा, दंड नाही.

ॲडव्हान्स परत करायला यजमान कां-कूं करतायत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, पंचक्रोशीत ‘त्यांनी पैसे परत दिले’ हे एकदा झालं की पुढची कार्यं आपसूक येतात. तारीख पुढे ढकलायला जे तयार आहेत, त्यांचं मात्र लेखी घ्या.

नव्या डेकोरेशनला माझा स्पष्ट नकार आहे. ७ जून २०२१ पासून राज्यात निर्बंधांचे पाच स्तर आलेत. जिल्ह्याचा स्तर बदलला की लग्नातली माणसं बदलतात. ५० माणसांच्या कार्याला अडीच लाखांच्या कमानी कोण मागणार? मोठं काम आलंच तर खेड-चिपळूणच्या व्यावसायिकाकडून भाड्याने आणा. त्यापेक्षा टोप-पातेली तुमच्याकडे आहेत, आचारी आहेत. गणपतीला चाकरमानी आले की उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घ्या, त्याला कर्ज लागत नाही. पाटल्यांना हात लावू नका. वादळं लागोपाठ दोन वर्षं आली, आजारपण कधीही येतं. ती रात्र निभावायला घरात दुसरं काही नाही.

आता जुना हप्ता, १६,२०० रुपये. टेम्पोच्या भाड्यातून खर्च जाता १४,००० सुटतात म्हणता, म्हणजे दरमहा तूट आहेच, आणि ती नव्या कर्जातून भरू नका. रिझर्व्ह बँकेच्या ५ मे २०२१ च्या परिपत्रकाप्रमाणे छोट्या व्यावसायिकांना कर्जाची पुनर्रचना, म्हणजे मुदत वाढवून हप्ता हलका करणं, मागता येते. ३१ मार्च २०२१ ला खातं नियमित असायला हवं, तुमचं आहे. गेल्या वर्षी सहा महिने हप्ते थांबवले होते, त्याची अडचण नाही, ती पुनर्रचना धरत नाहीत. सिबिलवर नोंद होईल, एकूण व्याजही वाढेल. पण खातं थकण्यापेक्षा ते परवडलं.

हमी योजना आणि पुनर्रचना, दोन्हींची मुदत ३० सप्टेंबर २०२१ आहे. दोन्ही अर्ज एकत्र कसे बसतात ते मॅनेजरना एकाच बैठकीत विचारा आणि गणपतीच्या गडबडीआधी जाऊन या. उद्यम नोंदणीचा (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा) कागद, वर्षभराचं पासबुक आणि ती बुकिंगची वही बरोबर न्या. खोडलेली पानं त्यांना दाखवा.